टॉवरचं अंतर मोजण्याआधी घराचा मेन स्विच बंद करून बघा

घराच्या खिडकीतून वीजवाहिनीचा टॉवर दिसत असला की बहुतेक लोक दोनच गोष्टी विचारतात: लाइन किती केव्हीची आहे आणि घर तिच्यापासून किती मीटरवर आहे. चुंबकीय क्षेत्रापुरतं बोलायचं तर पहिल्या प्रश्नाचा जवळजवळ काहीच उपयोग नाही आणि दुसऱ्याचा उपयोग अर्धाच आहे. चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते तारेतून वाहणाऱ्या करंटमुळे. व्होल्टेजमुळे विद्युत क्षेत्र तयार होतं, आणि ते भिंत, छप्पर, झाडं यांनी बरंचसं अडतं. चुंबकीय क्षेत्र मात्र विटा-सिमेंटमधून जसंच्या तसं आरपार जातं. त्यामुळे बेडरूमच्या खिडकीपासून तीन मीटरवरून जाणारी खांबावरची साधी चार तारांची लाइन शंभर मीटरवरच्या मोठ्या टॉवरपेक्षा घरात जास्त क्षेत्र आणू शकते. आणि या दोन्हींपेक्षा जास्त क्षेत्र घराच्या स्वतःच्या वायरिंगमधल्या एका चुकीच्या जोडणीतून येऊ शकतं. ही तिसरी शक्यता फार कमी वेळा तपासली जाते, आणि आपल्या हातात असलेली दुरुस्ती नेमकी तिथेच असते.

आधी एक शब्द बाजूला ठेवू या: ‘रेडिएशन’. ५० हर्ट्झला तरंगलांबी सुमारे ६,००० किलोमीटर भरते. एवढ्या लांबीच्या तुलनेत आपण तारेच्या अगदी अंगाला चिकटून उभे असतो, त्यामुळे इथे काही ‘उत्सर्जित’ होऊन अंगावर येत नाही. तारेभोवती एक क्षेत्र असतं, ते सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतं आणि करंट थांबला की त्याच क्षणी संपतं. मोजमाप मायक्रोटेस्लामध्ये करतात. मोजायच्या काही यंत्रांवर मिलिगॉस लिहिलेलं असतं. १ मायक्रोटेस्ला म्हणजे १० मिलिगॉस. हा दहाचा घोटाळा इतका नेहमीचा आहे की कुठलाही आकडा ऐकला की आधी एकक विचारावं.

आता आकड्यांचा अर्थ. ‘आयसीएनआयआरपी’ या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी ५० हर्ट्झला १०० मायक्रोटेस्ला ही मर्यादा सुचवली होती, २०१० मध्ये ती २०० केली. ही मर्यादा शरीरात प्रेरित होणाऱ्या विद्युत क्षेत्रामुळे मज्जातंतूंवर लगेच होणाऱ्या परिणामांसाठी आहे. घरात वीजवाहिनीमुळे एवढं क्षेत्र कधी सापडत नाही, त्यामुळे या मर्यादेशी तुलना केली की प्रत्येक घर ‘पास’ होतं आणि चर्चा तिथेच संपते.

लोकांच्या मनातली काळजी वेगळीच असते. ती १९७९ साली सुरू झाली. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी घराबाहेरच्या तारांची मांडणी आणि मुलांमधला कॅन्सर यांचा संबंध मांडला. त्यानंतर बऱ्याच देशांत अभ्यास झाले. २००० साली आल्बॉम आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या नऊ अभ्यासांची माहिती एकत्र केली. घरातली सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाच्या खाली असलेल्या मुलांमध्ये ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला नाही, ०.४ आणि त्यावरच्या गटात तो सुमारे दुप्पट दिसला. त्या गटात एकूण मुलांपैकी एक टक्काही मुलं नव्हती. २००२ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या क्षेत्रांना ‘२-बी’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळा पुरावा पुन्हा तपासला. निष्कर्ष असा: मुलांच्या ल्युकेमियाशी सांख्यिकी संबंध दिसतो, पण तो कार्यकारणाचा आहे असं म्हणण्याइतका पुरावा भक्कम नाही, शरीरात हे कसं घडेल याची यंत्रणा सापडलेली नाही, प्राण्यांवरच्या प्रयोगांनीही आधार दिलेला नाही. बाकीच्या आजारांबाबत पुरावा याहूनही कमकुवत. बालवयातला ल्युकेमिया मुळातच दुर्मीळ आहे, म्हणून ‘दुप्पट’ हा शब्द ऐकून रात्रीची झोप उडवू नये.

मग ०.४ चं करायचं काय? ही सुरक्षेची रेषा नव्हे. ०.३९ चांगलं आणि ०.४१ वाईट असं काही नसतं. पण घर तपासताना ‘इथे शोध पुढे न्यायचा की थांबायचं’ हे ठरवायला हा आकडा उपयोगी पडतो, आणि मी तो तेवढ्यासाठीच वापरतो. तो सरासरीचा आकडा आहे, दिवसभराच्या. एका क्षणी मीटरवर ०.९ दिसलं म्हणजे सरासरी ०.९ असते असं नाही. नेहमीच्या घरांमधली सरासरी साधारण ०.०३ ते ०.१ या पट्ट्यात असते.

गणित, जेवढं लागतं तेवढंच

एकाच सरळ तारेसाठी: मायक्रोटेस्ला = ०.२ × अँपियर ÷ मीटर. तारेत १० अँपियर आणि आपण २ मीटरवर, तर १ मायक्रोटेस्ला. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र निम्मं.

तीन फेजच्या तारा शेजारी शेजारी असल्या आणि तिन्हींत सारखा करंट असला तर त्या एकमेकींना खोडत जातात. तेव्हा अंतर दुप्पट केलं की क्षेत्र चौथाई होतं. एका सपाटीत मांडलेल्या तीन तारांसाठी अंदाजाचं सूत्र असं: ०.३५ × अँपियर × दोन शेजारच्या तारांमधलं अंतर ÷ (आपलं तारेपासूनचं अंतर) वर्ग. ४०० अँपियर, तारांमध्ये ८ मीटर, मोजण्याच्या जागेपासून तारा १४ मीटर उंच अशी लाइन घेऊ. ३० मीटर तिरप्या अंतरावर साधारण १.२ मायक्रोटेस्ला, ५० मीटरवर ०.४५, १०० मीटरवर ०.११. अगदी खाली सूत्र साधारण ५.७ सांगतं, पण तिथे ते जास्त सांगतं. पूर्ण गणित केलं तर साडेचार येतं. तीच लाइन १०० अँपियरवर चालत असेल तर सगळे आकडे चौथाई. व्होल्टेज कुठेच आलं नाही हे बघा.

एकाच टॉवरवर दोन सर्किट असतील तर फेजचा क्रम फार महत्त्वाचा. दोन्ही बाजूंना वरून खाली एकच क्रम असेल तर क्षेत्रं एकमेकांत मिळतात. एका बाजूला क्रम उलटा केला आणि दोन्ही सर्किटांत करंट सारखा, एकाच दिशेने असला, तर अंतर दुप्पट केल्यावर क्षेत्र आठव्या हिश्शावर येतं. हा बदल फक्त वीजकंपनी करू शकते, पण सगळ्यात परिणामकारक उपायांपैकी तो एक आहे आणि त्यासाठी टॉवर हलवावा लागत नाही.

आता खांबावरची लो-टेन्शन, म्हणजे घरांना वीज देणारी कमी दाबाची लाइन. तारा ३० सेंटिमीटरच्या फरकाने एकाखाली एक, १०० अँपियर, तिन्ही फेज समतोल. ३ मीटरवर साधारण १.१५, ५ मीटरवर ०.४, १० मीटरवर ०.१. त्याच लाइनीत ५ अँपियर करंट न्यूट्रलऐवजी (म्हणजे परतीच्या तारेऐवजी) दुसऱ्याच वाटेने, म्हणजे जमिनीतून किंवा पाण्याच्या पाइपातून परत जात असेल, तर तेवढा करंट ‘एकट्या तारेसारखा’ वागतो: १० मीटरवर ०.१, २० मीटरवर ०.०५. म्हणजे १० मीटरवर हा चुकार ५ अँपियर शंभर अँपियरच्या बरोबरीला येतो आणि पुढे त्यालाही मागे टाकतो. या न खोडल्या गेलेल्या करंटला ‘नेट करंट’ म्हणतात. घरातल्या बहुतेक अनपेक्षित रीडिंगांच्या मुळाशी तोच असतो.

मोजताना कुठे चुकतं

मोबाइलमधलं ॲप या कामाचं नाही. फोनमधला सेन्सर होकायंत्रासाठी असतो. तो पृथ्वीचं स्थिर क्षेत्र दाखवतो, जे जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. सेकंदाला पन्नास वेळा बदलणारं, त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं क्षेत्र त्याच्या नमुने घेण्याच्या वेगात नीट बसतच नाही. ‘ॲपवर ४८ आलं’ म्हणून घाबरलेल्या माणसाने पृथ्वी मोजलेली असते.

मीटर घेताना तीन अक्षांचा, ‘ट्रू आरएमएस’ (म्हणजे सतत बदलणाऱ्या क्षेत्राचं खरं परिणामी मूल्य) दाखवणारा आणि ०.०१ मायक्रोटेस्लापर्यंत वाचणारा घ्यावा. एकाच अक्षाचा असेल तर तो फिरवून ‘सर्वांत मोठा आकडा’ पकडू नका. तीन फेजच्या लाइनीचं क्षेत्र एका दिशेत मागेपुढे न होता लंबगोलात फिरतं, आणि त्या युक्तीने खरा आकडा तीस टक्क्यांपर्यंत कमी दिसू शकतो. एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन दिशांना वाचन घ्या, वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. ०.३०, ०.२० आणि ०.१० आले तर उत्तर ०.३७.

वाचताना मीटर स्थिर हवा. हातात धरून चालत चालत वाचलं की पृथ्वीच्या क्षेत्रात सेन्सर हलल्यामुळेच आकडा उड्या मारतो. स्टुलावर, लाकडी खुर्चीवर ठेवा, पाच सेकंद थांबा, मग लिहा. मोकळ्या जागेत जमिनीपासून १ मीटर उंचीवर वाचन घेतात. घरात क्षेत्र जागोजाग बदलत असेल तर एकाच जागी ०.५, १ आणि १.५ मीटर अशा तीन उंचींवर वाचून सरासरी काढतात. लोखंडी कपाट, सळ्यांची जाळी किंवा फ्रिज यांच्याजवळचं वाचन खोलीचं वाचन समजू नका.

घराबाहेर लाइनीला काटकोनात चालत जा आणि दर ५ मीटरला नोंद करा. दोन टॉवरांच्या मधोमध तारांचा झोळ सर्वांत खाली येतो, तिथे आकडा सर्वांत मोठा येतो. टॉवरच्या पायथ्याशी उभं राहून घेतलेलं वाचन कमी येतं आणि खोटा दिलासा देतं. तारांची उंची हवी असेल तर जमिनीवरून अंतर आणि कोन मोजून गणिताने काढा. धातूची टेप, बांबू, काठी, ड्रोन यांपैकी काहीही तारेच्या दिशेने वर नेऊ नका. चुंबकीय क्षेत्राबद्दल वाद होऊ शकतो, विजेच्या धक्क्याबद्दल होत नाही.

नोंदलेल्या आकड्यांचा उतार बघा. १० मीटरवर ०.८ आणि २० मीटरवर ०.२ असेल तर समतोल लाइन. २० मीटरवर ०.४ असेल तर नेट करंट. कुठलंही उपकरण न उघडता एवढं कळतं.

मग घरात. आधी सगळं नेहमीसारखं चालू ठेवून प्रत्येक खोलीत, विशेषतः उशीच्या जागी वाचन घ्या. मग मेन स्विच बंद करा आणि त्याच जागी, त्याच उंचीवर पुन्हा घ्या. ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे, आणि सगळ्यात जास्त सांगणारीही. आकडा जवळपास तसाच राहिला तर स्रोत बाहेर आहे: लाइन, शेजारचं घर, खालचा ट्रान्सफॉर्मर किंवा जमिनीतला पाइप. आकडा कोसळला तर टॉवरला दोष देऊन उपयोग नाही. घरातच बघायला हवं. फक्त दोन्ही वाचनं पाच मिनिटांच्या आत घ्या, नाहीतर मधल्या वेळात लाइनीवरचा लोड बदलतो आणि तुलना बिघडते.

बाहेरचा स्रोत ठरला तर २४ तास नोंद ठेवणारा मीटर उशाशी लावा. करंट दुपारी, संध्याकाळी आणि मध्यरात्री खूप वेगळा असतो. त्याच वेळचे लाइनीचे तासागणिक अँपियर वीजकंपनीकडे लेखी मागा. क्षेत्र करंटच्या सरळ प्रमाणात असतं, त्यामुळे १२० अँपियरला ०.१५ मिळालं तर ३६० ला ०.४५ मिळणार हे कागदावर काढता येतं. शिवाय भरपूर करंट आणि ऊन एकत्र आलं की तार तापून झोळ आणखी खाली येतो, म्हणून लाइनीच्या अगदी जवळच्या घरात प्रत्यक्ष आकडा थोडा जास्तच येईल.

घरातला दोष

सर्वांत साधी गोष्ट आधी. डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, फ्रिज, इन्व्हर्टर यांतलं काही पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीमागे आहे का? भिंत काहीही अडवत नाही. अशा जागी भिंतीला टेकवलेला मीटर १ च्या वर दाखवतो आणि अर्धा-पाऊण मीटर मागे आणला की ०.१ च्या खाली येतो, हे नेहमीचं चित्र आहे. पलंग फिरवला की काम झालं. उपकरणांचं क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने पडतं: चालू मायक्रोवेव्हला ३ सेंटिमीटरवर ७३ ते २००, ३० सेंटिमीटरवर ४ ते ८ आणि १ मीटरवर ०.२५ ते ०.६ मायक्रोटेस्ला असे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात आहेत. तो चालतोही काही मिनिटंच. उशीजवळची आठ तासांची गोष्ट वेगळी.

उपकरण सापडत नाही, आकडा खोलीभर पसरलेला आहे आणि भिंतीपासून दूर गेल्यावरही हळूहळूच कमी होतो, असं असेल तर वायरिंगमध्ये न्यूट्रलचा घोळ आहे असं समजून पुढे जा. फेज आणि न्यूट्रल शेजारी शेजारी धावतात तेव्हा जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतो. दोन वेगळ्या सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधले गेले की परतीचा करंट दोन वाटांनी विभागतो. हे बहुतेक वेळा जिन्याच्या टू-वे स्विचच्या पेटीत किंवा नंतर वाढवलेल्या खोलीच्या जंक्शन बॉक्समध्ये होतं: वायरमनला पेटीत दोन काळ्या तारा दिसतात, दोन्ही न्यूट्रलच, म्हणून तो त्या एकाच जोडात पिळून टाकतो. दिवा लागतो, पंखा चालतो, काहीच बिघडलेलं दिसत नाही. पण २ किलोवॅटचा हीटर लावला की २३० व्होल्टला फेजमधून ८.७ अँपियर जातो आणि त्यातला निम्मा दुसऱ्या मजल्याच्या न्यूट्रलवरून फिरून येतो. दोन वाटांच्या मध्ये जी खोली सापडते तिच्याभोवती ४.३५ अँपियरचा एकच मोठा वेढा होतो. तारेपासून १ मीटरवर ०.८७ मायक्रोटेस्ला. टॉवर आणखी ५० मीटर लांब असता तरी यात काही फरक पडला नसता.

शोधायची पद्धत अशी. बोर्ड उघडणं हे परवानाधारक वायरमनचंच काम, ते स्वतः करू नये. त्याने एका सर्किटचा फेज आणि त्याच सर्किटचा न्यूट्रल दोन्ही मिळून क्लॅम्प मीटरच्या, म्हणजे टाँग टेस्टरच्या जबड्यात घ्यायचे. अर्थची तार बाहेर ठेवायची. त्या सर्किटवर हीटर चालू करायचा. उत्तर जवळजवळ शून्य यायला हवं. ४ अँपियर आला तर न्यूट्रल वाटलेला आहे. मग दुसऱ्या सर्किटांवर तोच प्रयोग. ज्या सर्किटची एमसीबी, म्हणजे बोर्डातला त्या सर्किटचा स्विच, बंद असूनही न्यूट्रलमध्ये करंट दिसतो, ते या घोळातलं दुसरं सर्किट. आता दोन्ही जिथे भेटू शकतात त्या पेट्या एकेक उघडायच्या. शेवटी पूर्ण सर्व्हिस केबल एकत्र जबड्यात घ्यायची. तिथेही नेट करंट असेल तर न्यूट्रल घरात कुठेतरी अर्थला किंवा पाइपाला टेकला आहे, किंवा बाहेरचा करंट आपल्या पाइपांतून वाट काढतो आहे.

इथे आरसीसीबीबद्दल, म्हणजे जाणारा आणि येणारा करंट सारखा नसला की वीज तोडणाऱ्या स्विचबद्दल, एक गैरसमज दूर करायला हवा. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी न्यूट्रल आणि अर्थ जोडले गेल्यावर लोड वाढताच उडते, ते बरोबर. पण दोन न्यूट्रल तिच्या पुढच्या बाजूला, एकाच आरसीसीबीखाली एकत्र बांधलेले असतील तर ती उडणार नाही, कारण तिच्यातून जाणारा आणि येणारा एकूण करंट सारखाच राहतो. ‘आरसीसीबी आहे म्हणजे वायरिंग ठीक’ असं धरून चालू नये. उलट, सारखी उडते म्हणून कोणी ती बायपास केलेली आढळली तर क्षेत्राचा विचार बाजूला ठेवून आधी तो दोष काढा. तिथे जिवाला धोका आहे.

पाइपातून करंट वाहत असेल तर पाइपाचा एक तुकडा प्लास्टिकचा बसवून ती वाट तोडता येते, पण घराचं अर्थिंग त्याच पाइपावर अवलंबून नाही ना, हे आधी तपासून. क्षेत्र कमी करण्यासाठी अर्थिंग काढणं कधीही मान्य करू नका.

आणि ज्यावर पैसे घालवू नयेत त्या गोष्टी: ‘शील्डिंग’ पेंट, चांदीच्या धाग्याचे पडदे, ॲल्युमिनियम फॉइल. विद्युत क्षेत्र आणि रेडिओ लहरी यांवर त्यांचा परिणाम होतो. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला ते दिसतही नाहीत. म्यू-मेटल (निकेल-लोखंडाचा खास मिश्रधातू) किंवा सिलिकॉन स्टीलचे पत्रे क्षेत्र खरंच वळवतात, पण कडेने ते पुन्हा आत येतं, म्हणून छोट्या स्रोताभोवती ते चालतात, लाइनीकडच्या एका भिंतीवर लावून घर झाकलं जात नाही. लाइनीवरचा खरा उपाय तारा जवळ आणण्यात आहे. खांबावरच्या उघड्या तारांच्या जागी पिळाची एबी केबल (आवरण असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारा) आली की तारांमधलं अंतर ३० सेंटिमीटरवरून दोन-तीन सेंटिमीटरवर येतं आणि समतोल करंटचं क्षेत्र त्याच प्रमाणात, पिळामुळे त्याहूनही जास्त, घटतं. नेट करंट मात्र एबी केबलनेही जात नाही, म्हणून बदलानंतर पुन्हा मोजायचं. भूमिगत केबलचंही तसंच: कडेला क्षेत्र फार लवकर संपतं, पण ती पायाखाली जेमतेम एक मीटर खोल असल्याने तिच्या अगदी वर उभं राहिलं तर ओव्हरहेड लाइनीपेक्षा आकडा मोठा येऊ शकतो.

इमारतीच्या तळमजल्यावर ट्रान्सफॉर्मरची खोली असेल तर तिच्या थेट वरच्या फ्लॅटमध्ये सरासरी ०.४ च्या वर जाऊ शकते. यात ट्रान्सफॉर्मरच्या टाकीपेक्षा लो-टेन्शन बाजूच्या बसबार (करंट वाहून नेणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्या) आणि केबल जास्त जबाबदार असतात, कारण करंट तिथे सर्वांत मोठा आणि त्या बऱ्याचदा छताला लटकवलेल्या असतात. केबल छतावरून काढून जमिनीलगत नेणं, तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच जुडग्यात बांधणं, एवढ्यावर वरचा आकडा बराच उतरतो. कामाआधी फ्लॅटच्या फरशीवर अर्ध्या-अर्ध्या मीटरची चौकट आखून प्रत्येक चौकोनातलं वाचन, वेळ आणि त्या वेळचा ट्रान्सफॉर्मरचा करंट लिहून ठेवा. काम झाल्यावर त्याच चौकोनांत पुन्हा वाचा आणि दोन्ही आकडे प्रति १०० अँपियरवर आणून शेजारी मांडा.